ताजमहाल बघायचाय, हे सांगायला लाज कसली?

पत्र, थोडक्यात:
रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ५६ वर्षांच्या. यजमान ६१ वर्षांचे. हापूसची कलमं आणि थोडी भातशेती. घरात ८३ वर्षांच्या सासूबाई, काठी घेऊन चालतात. गणपती, शिमगा आणि मे महिना, तिन्ही वेळा घर पाहुण्यांनी भरलेलं. ताईंचा आजवरचा लांबचा प्रवास म्हणजे कोल्हापूर, पंढरपूर आणि मुंबई. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने आईवडिलांना १२ दिवसांची उत्तर भारताची सहल देऊ केली आहे: दिल्ली, आग्रा, मथुरा, जयपूर, हरिद्वार, मसुरी, अमृतसर, वैष्णोदेवी. महिनाअखेरीस आगाऊ रक्कम भरायची आहे. यजमान म्हणतात, "लोक पैसे मोजून आपल्याकडे समुद्र बघायला येतात, आपण कुठे जायचं? आणि बाग कोण बघणार?" एसटीने मुंबईला जातानासुद्धा ते वाटेत घोटभर पाणी पीत नाहीत, प्रवास त्यांना मानवतच नाही, असं ताई लिहितात. त्यांचे स्वतःचे गुडघे दुखतात. सासूबाईंच्या कानावर अजून काही घातलेलं नाही. "देवाला जाते म्हटलं तर गावात कोणी काही बोलणार नाही. पण खरं सांगायचं तर मला ताजमहाल बघायचाय, बर्फ बघायचाय. या वयात, नवरा नको म्हणत असताना असं वाटणं हा स्वार्थ आहे का? ह्यांना तयार करू, बायकांच्या सहलीबरोबर एकटी जाऊ, की मुलाला नको म्हणून सांगू?"

ताई,

तुमचा स्वार्थाचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचे सगळे त्याच्यामागे अडून बसले आहेत. नाही, हा स्वार्थ नाही. तुमच्या घरी दर मे महिन्यात मुंबईहून मंडळी येतात ती कशासाठी येतात? खाडीत डुंबायला, आंबे खायला, चार दिवस डोळे निवतील असं काही बघायला. त्यांच्यासाठी तुम्ही पहाटे उठून घावणे घातलेत. रात्री सगळ्यांची पानं उठल्यावर उरलेला भात आणि तळाची आमटी घेऊन चुलीशी बसलात. त्यांची हौस तुम्हाला कधी स्वार्थ वाटली नाही. मग तीच हौस तुमच्या मनात आली की तिला वेगळा नियम का लावायचा?

लाज का वाटते ते मला समजतं. कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेर पडत आली, पण दर वेळी काहीतरी कारण काढून. गिरणीतली नोकरी, बोटीवरचं खलाशीपण, डोक्यावरचं कर्ज, नाहीतर काशीयात्रा. 'माझा प्रवास' लिहिणारे, पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे पायी निघाले तेही यज्ञात दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल म्हणून. आणि जाऊन सापडले झाशीच्या वेढ्यात. निव्वळ बघण्यासाठी उंबरठा ओलांडणं आपल्या घरांत नवीन आहे, आणि बायकांच्या वाट्याला तर ते कालपरवा आलेलं. सवयीची नसलेली गोष्ट बोलून दाखवताना जीभ अडखळते, एवढंच.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की तुमच्या इच्छेवर देवाचं पांघरूण घालू नका. मुलाने पाठवलेल्या यादीत वैष्णोदेवी आहे. ती तुम्हाला मनापासून हवी आहे, की गावात सांगायला बरं म्हणून तुम्ही ती राहू दिलीत? पायथ्याच्या कटऱ्यापासून भवनापर्यंत, म्हणजे वरच्या देवळापर्यंत, १२-१३ किलोमीटरची चढण आहे. घोडा, पालखी, बॅटरीवर चालणारी गाडी, वरच्या टप्प्यापर्यंत हेलिकॉप्टर अशा सोयी आहेत, पण त्यांचे क्रमांक आधी लावावे लागतात, आणि सहलीतल्या एका रात्रीत हे सगळं जमवायचं म्हणजे दमछाक. देवीची ओढ असेल तर तेवढ्यासाठीच एकदा निवांत जा. पण लोकांच्या तोंडाला कुलूप म्हणून ती चढण तुमच्या गुडघ्यांवर लादू नका. शेजारणीने विचारलं तर "ताजमहाल बघायला चाललेय" असं सरळ सांगा. दोन दिवस बोलतील. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातलीच एखादी येऊन खर्च किती आला ते विचारेल.

आता तुमच्या ह्यांच्याबद्दल. तुम्ही असं धरून चालला आहात की त्यांना प्रवासाचा तिटकारा आहे. असेलही. पण पत्रातलं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही: एसटीत ते पाणी पीत नाहीत. साठीच्या पुढे पुष्कळ पुरुषांची प्रोस्टेटची ग्रंथी वाढते, वारंवार लघवीला लागते, थांबवता येत नाही. चारचौघांत गाडी थांबवायला सांगायची लाज वाटते. मग माणूस पाणी तोडतो, आणि पुढे प्रवासच तोडतो. कारण मात्र कोणालाही सांगत नाही, बायकोलाही नाही. "आपल्याकडे काय कमी आहे?" हे वाक्य त्या लाजेवर छान झाकण घालतं. माझा अंदाज चुकीचा असू शकतो. पण रात्री ते दोन-तीनदा उठतात का, एवढं तुम्हाला ठाऊक असणारच. उठत असतील तर सहलीचा विषय बाजूला ठेवा आणि आधी त्यांना रत्नागिरीत डॉक्टरांकडे घेऊन जा. यावर औषधं आहेत आणि बऱ्याच जणांना ती लागू पडतात. सहल होवो न होवो, ही तपासणी व्हायलाच हवी. आणि अशा माणसाला १२ दिवस बसमध्ये बसवू नका. रेल्वेत प्रत्येक डब्याला शौचालय असतं. त्यानेच कितीतरी लोकांचा जीव भांड्यात पडतो. बायकांचंही तेच. वाटेत सोय नाही म्हणून पाणी न पिता बसायचं आणि घरी आल्यावर जळजळ, ताप घेऊन झोपायचं, हे आपण किती जणींनी केलं आहे!

त्यांना "येताय का?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी "तुम्हाला काय बघावंसं वाटतं?" असं विचारून बघा. ज्याने आयुष्य कलमांत घालवलं त्याला संगमरवरात रस नसेल, पण दुसऱ्याच्या बागेत नक्की असेल. लखनौजवळचं मलिहाबाद दशहरी आंब्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि दशहरी जूनमध्ये तयार होतो, म्हणजे आपला हापूस संपल्यावर. ऊन मात्र तेव्हा तिकडे भाजून काढतं. ते नको असेल तर रत्नागिरीहून नेत्रावती एक्सप्रेसमध्ये बसावं आणि केरळात उतरावं. होन्नावरला शरावतीवरचा दोन किलोमीटरहून लांब पूल याच गाडीतून लागतो. पुढे कासरगोडला नारळ, सुपारी, कोको यांवर काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था आहे. जांभ्या दगडाची घरं, फणस, मिरवेल, खाड्या, सगळं आपल्यासारखं आणि तरी वेगळं. काही माणसांना अनोळखी गोष्टीपेक्षा ओळखीची गोष्ट दुसऱ्या कोणी कशी केली आहे हे बघायला जास्त आवडतं. तुमचे हे त्यातले असू शकतील.

नसतील तर नसोत. नवराबायकोने एकाच गोष्टीची हौस धरावी असा कुठे दंडक नाही. ते भजनी मंडळात जातात तेव्हा तुम्ही टाळ घेऊन मागे बसत नाही ना? त्यांनी घरी राहावं आणि तुम्ही जावं, यात ना त्यांचा अपमान आहे, ना तुमच्या संसाराला तडा. फक्त हे त्यांच्याशी भांडून ठरवू नका आणि मुलाच्या तोंडून तर मुळीच सांगू नका. "तुम्ही आलात तर मला आवडेल, नाही आलात तरी मी जाणार आहे." ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी, एकाच आवाजात म्हणा.

"बाग कोण बघणार" हा प्रश्न खरा आहे, पण बारा महिने खरा नाही. पंचांग समोर घेऊन बसा. जून-जुलै पेरणी-लावणी. मग गणपती. ऑक्टोबरात भातकापणी, झोडणी, मग दिवाळी. थंडी पडली की मोहोर फुटायला लागतो आणि डिसेंबरपासून बागायतदाराचा जीव झाडावर टांगलेला. तुडतुडे, फवारण्या, राखण, मार्चपासून काढणी आणि पेट्या, ते थेट मेअखेरपर्यंत. म्हणजे यजमानांना खरोखर मोकळीक मिळते ती दिवाळीनंतर मोहोराच्या आधी, साधारण नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा. त्यांना घेऊन जायचं तर तेव्हाच. त्या दिवसांत दिल्लीची हवा मात्र धुराने कोंदलेली असते. कोणाला दमा असेल तर दिल्लीत मुक्काम टाळा आणि ते दिवस दक्षिणेत घालवा.

पण तुम्ही मैत्रिणींबरोबर जाणार असाल तर बागेचं पंचांग तुम्हाला एवढं बांधत नाही. तुमचं पंचांग वेगळं आहे, ते पाहुण्यांचं आहे. गणपती, शिमगा, मे. फेब्रुवारी त्यात कुठेच बसत नाही. फवारणीला आलेल्या गड्यांचं जेवण असतं हे खरं, पण ते गावातल्या एखाद्या बाईला पैसे देऊन करून घेता येतं, आणि तिलाही चार पैसे मिळतात. उत्तरेतलं दाट धुकं डिसेंबर-जानेवारीत गाड्यांना तासन्‌तास अडकवतं. फेब्रुवारीत ते विरायला लागलेलं असतं, ऊन हवंहवंसं असतं. शिमग्याची पालखी दारी यायच्या आधी तुम्ही घरी परतलेल्या असाल.

आता सासूबाई. इथे मला तुमच्या मुलाशी बोलायचं आहे. त्याने पैसे देऊ केले, ही प्रेमाचीच गोष्ट आहे आणि त्याबद्दल त्याचं कौतुक. पण ताई, तुम्हाला जाण्यापासून पैशाने अडवलेलं नाही. सकाळची गोळी कोण देणार, रात्री न्हाणीघरात जाताना हात कोण धरणार, याने अडवलं आहे. तेव्हा मुलाकडे पैशाऐवजी दिवस मागा. आठवडाभर त्याने गावी येऊन आजीजवळ राहावं, लॅपटॉप घेऊन खळ्यात बसावं लागलं तरी बसावं. उरलेले दिवस नणंदेला माहेरपणाला बोलवा. जाणतं माणूस आहे, तिचीच आई आहे. घरातल्या कर्त्या बाईने बाहेर पडावं असं वाटणाऱ्या सगळ्याच मुलामुलींना मी हे सांगेन: तिकीट काढून देणं सोपं आहे, तिच्या जागी उभं राहणं ही खरी भेट. तसं उभं राहिल्यावर रोज पेज किती वाजता लागते, औषधाचा डबा कुठल्या फडताळात आहे, भांडी घासणारी कुठल्या वारी येत नाही, हेही त्याला कळेल. निघण्यापूर्वी हे सगळं एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावा. मग त्यावर फोनवरून देखरेख करू नका. आमटी पातळ झाली तर होऊ दे.

आणि सासूबाईंपासून लपवणं थांबवा. घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला शेवटी कळलं, तर ती दुखावेल ती तुमच्या जाण्याने नाही, लपवण्याने. त्यांना सांगताना परवानगीचा सूर नको, सल्ल्याचा असू दे. त्यांना तरुणपणी कुठे जायचं होतं, तेही विचारा.

आता त्या यादीकडे वळू, कारण मला ती मुळीच पटलेली नाही. १२ दिवस, आठ ठिकाणं. दिल्ली ते आग्रा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, दिल्ली ते हरिद्वार जवळपास तेवढंच, दिल्ली ते अमृतसर साडेचारशेच्या घरात, आणि मध्ये मसुरीचा घाट. जवळजवळ रोज सकाळी बॅग भरायची, रोज नवीन खोलीत गरम पाण्याचा नळ शोधायचा. अशा सहलीहून आलेल्या बायकांना मी विचारलं आहे, काय बघितलंत? त्या फोनमधले फोटो दाखवतात आणि "हे बहुतेक जयपूर" म्हणतात. "आयुष्यात एकदाच जायला मिळणार, तर सगळं उरकून घेऊ" या हिशेबातून ही धावपळ येते. हा हिशेब तुमच्या बाबतीत तर अगदीच चुकतो. तुम्ही ५६ वर्षांच्या आहात, चांगल्या चालत्याफिरत्या. एकदा जाऊन आलात, घर जागेवर राहिलं हे सगळ्यांनी बघितलं, की दुसऱ्यांदा जाणं याच्या निम्म्यानेही कठीण नसेल. तेव्हा पहिल्याच फेरीत हिंदुस्थान संपवायची गरज नाही.

तुमच्या पत्रात दोनच गोष्टींची ओढ दिसते, ताजमहाल आणि बर्फ. त्याभोवती प्रवास बांधू या. रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेस थेट आग्र्याला जाते, एक दिवस एक रात्र गाडीत. आग्र्यात दोन रात्री राहा. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, तेवढं तारखा ठरवताना बघा. हे न बघता आलेली माणसं दारातून परत जातात. तो सूर्योदयाच्या सुमारास उघडतो. पहिल्या तासाभरात आत शिरलात तर गर्दी कमी, ऊन कोवळं, आणि दगडाचा रंग डोळ्यांसमोर बदलतो. फोटोची घाई करू नका. जवळ जाऊन भिंतीवरची फुलं बघा: पांढऱ्या संगमरवरात रंगीत दगडाचे नखाएवढे तुकडे इतके नेमके बसवले आहेत की बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. संध्याकाळी यमुनेच्या पलीकडे मेहताब बागेत जा आणि तोच ताज मागून बघा. दुसऱ्या दिवशी आग्र्याचा किल्ला. १६६६ च्या जानेवारीत शाहजहान याच किल्ल्यात मुलाच्या कैदेत वारला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात शिवाजी महाराज याच किल्ल्यातल्या दरबारात औरंगजेबासमोर उभे राहिले. किल्ल्यासमोर महाराजांचा पुतळा आहे. ही गोष्ट यजमानांना सांगून बघा. ताजमहालाला नाही म्हणणारा माणूस आग्र्याच्या किल्ल्याला हो म्हणतो, असं होऊ शकतं.

तिथून दिल्लीत गाडी बदलून अमृतसर. दिल्लीहून शताब्दीने सहा तासांच्या आसपास. हरमंदिर साहिबात, म्हणजे सुवर्णमंदिरात, रात्री एकदा आणि पहाटे एकदा जा. डोकं झाकायला ओढणी किंवा पदर, बस्स. पाय धुऊन आत गेल्यावर सरोवराभोवतीची फरसबंदी सपाट आहे, तुमच्या गुडघ्यांना सोसेल. आणि लंगरात जेवा. तिथे कोण कुठला हे कोणी विचारत नाही. पंगतीत बसायचं, ताट पुढे धरायचं, वाढणारा पोळी दोन्ही हातांत घ्यायला सांगतो आणि वरण वाढत पुढे जातो. खाली बसणं जमत नसेल तर तिथल्या सेवेकऱ्याला सांगा. आत बायका पोळ्या लाटत असतात, कोणालाही हातभार लावता येतो, आणि तुमचे हात शिवशिवतील हे मला माहीत आहे. पण पहिल्या दिवशी फक्त जेवा. पोटभर, गरम, पहिल्या पंगतीला. जालियनवाला बाग तिथून चालत पाच-सात मिनिटांवर आहे; तिथे थोडा वेळ थांबाच.

बर्फाचं काय? तुम्हाला बर्फात चालायचं आहे, की बर्फ बघायचा आहे? दुखऱ्या गुडघ्यांनी बर्फात चालणं म्हणजे घसरण्याला आमंत्रण. बघायचा असेल तर अमृतसरहून पाच-सहा तासांवर हिमाचल प्रदेशातलं धरमशाळा हे शहर आहे. फेब्रुवारीत त्याच्या पाठीशी हिमालयातली धौलाधारची रांग पांढरीशुभ्र उभी असते, आणि ती बघायला पायरीसुद्धा चढावी लागत नाही. आकाश मोकळं असेल तर खोलीच्या खिडकीतून दिसते. तीन रात्री राहा म्हणजे एखादा दिवस ढगांनी खाल्ला तरी दोन उरतात. जवळच कांगड्याची ब्रजेश्वरी देवी आहे, ज्वालामुखी देवीचं देऊळही फार लांब नाही. देवदर्शन तिथे आपसूक घडेल. थंडी मात्र आपल्या कल्पनेपलीकडची. गोधडी आणि स्वेटर घेतला की झालं, असं आपल्याला वाटतं. लोकरीचे पायमोजे, कानटोपी आणि आतून घालायचे गरम कपडे घ्या. साडीखाली ते दिसत नाहीत आणि कोणी दिसलं म्हणून हसतही नाही.

एवढ्यात बारा दिवस भरतात. तीन ठिकाणं, तीन खोल्या.

हे बायकांच्या सहलीबरोबर करायचं की आपली आपण दोघी-तिघींनी? बचत गटातल्या दोन मैत्रिणी तयार होत असतील तर मी आपलं आपण जाण्याच्या बाजूची आहे, कारण दमलात तर थांबता येतं. पण पहिलीच वेळ, हिंदीची भीती, सामान उचलायला कोणी नाही, असं वाटत असेल तर सहल कंपनी घ्या. त्यात कमीपणा नाही. फक्त माहितीपत्रकातले फोटो बघून पैसे भरू नका, फोन करून खोदून विचारा. रोज बसमध्ये किती तास? एका गावात किती रात्री? हॉटेलला लिफ्ट आहे का? खोलीत जोडीदार कोण, ती आवडली नाही तर बदलून मिळते का? ताजमहालाला प्रत्यक्ष किती वेळ देता? चढण, घोडा, आतली तिकिटं पैशात धरली आहेत की वेगळी? ऐनवेळी सासूबाई आजारी पडल्या तर किती पैसे परत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. जो माणूस या प्रश्नांनी वैतागतो, त्याच्या हाती १२ दिवस द्यायचे नाहीत.

याआधी मात्र एक लहान प्रवास करा, आणि तो आपल्याच किनाऱ्यावर. तुम्ही लिहिता, "मी काहीच बघितलेलं नाही." उक्षीचा कातळावर कोरलेला हत्ती बघितलात? कशेळीचं कनकादित्याचं सूर्यमंदिर? ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं, तो १९१६ साली इथेच वारला. त्याच्या राजवाड्यात तुम्ही कधी पायऱ्या चढून गेलात, की दवाखान्याला जाताना रिक्षातून बघितलात? विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग धरून मराठ्यांचे १२ किल्ले २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. दोन रात्रींसाठी मालवणला जा. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. होडीने सिंधुदुर्गात जा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेवढं सांभाळा. घरगुती खानावळीत उतरा. जेवण झाल्यावर तुमचं ताट तुम्ही उचलायला जाल, आणि ती बाई म्हणेल, "ऱ्हवांदे, मी घेतंय." तेव्हा ताट खाली ठेवायला शिका. गुडघे किती चालतात, परक्या खोलीत झोप लागते का, घर तुमच्यावाचून कसं चालतं, या सगळ्याची परीक्षा या दोन रात्रींत होते. यजमान आले तर त्यांचीही होईल, आणि मालवण म्हणजे काही परमुलूख नाही, तेव्हा नाही म्हणायला त्यांना कारण सापडायचं नाही.

उरलेलं झटपट सांगते. गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांकडून व्यायाम लिहून घ्या आणि निघायच्या दोन महिने आधीपासून करा. निघायच्या आदल्या दिवशी घेतलेल्या गोळ्यांनी काही होत नाही. चपला नकोत, मऊ तळाचे बूट घ्या आणि ते घरातून खाडीपर्यंत रोज घालून पायांना रुळवा. औषधं दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. आधार कार्ड मूळचं जवळ असू दे. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रियांना खालच्या बर्थचा राखीव कोटा असतो. मुलाने तिकीट काढताना तोच निवडावा, नाहीतर मधल्या बर्थवर चढताना गुडघे आग्र्याआधीच संपतील. पुरुषांना तो कोटा ६० नंतर मिळतो, म्हणजे यजमान आलेच तर त्यांनाही. परतीला अमृतसरहून मुंबईपर्यंत गोल्डन टेंपल मेल आहे, आणि मुंबईहून आपल्या गाड्या तुम्हाला मी काय सांगू!

महिनाअखेरीची रक्कम भरायची आहे म्हणून घाबरून हो म्हणू नका आणि घाबरून नाहीही म्हणू नका. मुलाला आजच फोन करा. सांगा, ती आठ ठिकाणांची सहल आत्ता नको, पैसे भरू नकोस. फेब्रुवारीत आठवड्याची रजा टाक आणि इकडे ये, आजीजवळ राहायला.